सखीरच्या फळ्यावरची माझी चूक

बहारीनहून परतल्यावर चिपळूणच्या आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मला तीन प्रश्न विचारले गेले. सोनं किती आणलं, खजूर आणले का, आणि तिकडे बायकांना एकटीने फिरता येतं का. सोनं आणलं नाही. खजूर आणले होते, ते त्याच स्टाफरूमने दोन दिवसांत संपवले. फिरता येतं. ज्या परिषदेसाठी मी गेले तिथे काय झालं हे मात्र कोणी विचारलं नाही. न विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी हे लिहिते आहे. प्रवासाबद्दल लिहिताना माणसाने प्रसन्न असावं अशी अपेक्षा असते. सात महिने झाले तरी मी चिडलेली आहे, तेव्हा ती अपेक्षा बाजूला ठेवून वाचा.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी सोळा वर्षं भौतिकशास्त्र शिकवते. त्यातली नऊ वर्षं, दर उन्हाळी आणि दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला जाऊन, मी गोरेगावकर सरांच्या हाताखाली पीएच.डी.चं काम केलं. प्रबंध टाइप करून, बांधून अठ्ठ्याण्णवच्या ऑगस्टमध्ये त्यांच्या टेबलावर ठेवला. मार्गदर्शकाची सही झाल्याशिवाय तो विद्यापीठात जात नाही. फेब्रुवारी उजाडला तरी सही झाली नव्हती. विचारलं की सर म्हणत, "वाचतोय."

नव्याण्णवच्या त्या फेब्रुवारीत बहारीनमध्ये अणू आणि लेसर या विषयावर एक छोटी परिषद होती. मी माझ्या कामाचं पोस्टर पाठवायचं ठरवलं आणि ते स्वीकारलं गेलं. सरांना कळवलं नाही. चिपळुणातली माझी शाळेतली मैत्रीण जुबेदा पारकर लग्नानंतर तिकडेच राहते. ती फोनवर म्हणाली, "हॉटेलात राहिलीस तर परत तोंड दाखवू नको."

सनाबिस, शुक्रवार

तिकडे सुट्टी गुरुवार-शुक्रवारी असते, त्यामुळे मी पोचले तेव्हा जुबेदाचं सगळं घर घरातच होतं. घर सनाबिसमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून एका बाजूला नव्या मॉलची बांधकामं दिसतात आणि दुसऱ्या बाजूला जुनी बुटकी घरं, त्यांच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या. जुबेदाचा नवरा इक्बालभाई मूळचा दाभोळचा, बहारीनमधल्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात वेल्डरांचा फोरमन. मुलगी सना अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत देते. "अभ्यास कसा चाललाय?" असं मी विचारलं तर म्हणाली, "फाइन, मावशी." त्या "मावशी"वरच समाधान मानलं.

बॅग उघडली आणि पहिला घोटाळा कळला. जुबेदासाठी आणलेली कोकमाच्या आगळाची बाटली झाकणातून पाझरली होती आणि पोस्टरचे दोन कागद गुलाबी झाले होते. पोस्टर म्हणजे आमच्या कॉलेजच्या चित्रकलेच्या बाईंकडून शाईने काढून घेतलेले आठ मोठे कागद. मी पलंगावर बसून राहिले. जुबेदाने कागद पंख्याखाली वाळवले, इस्त्री केली आणि म्हणाली, "आकडे दिसतायत ना? मग झालं. वास घेत कोण बसणार हाय?"

संध्याकाळी आम्ही बाब अल बहरीनच्या बाजारात गेलो. कमानीतून आत शिरलं की गल्ल्याच गल्ल्या. एका गल्लीत सोनं, पुढच्या गल्लीत कापड, मग मसाले. दुकानदार मल्याळी, गुजराती, इराणी, आणि सगळे माझ्याशी हिंदीत बोलत होते. आपल्याकडे कापडाच्या दुकानात काही घेतलं नाही तर दुकानदाराचा चेहरा पडतो. इथे त्याने आधी चहा पाजला, काही घेतलं नाही तरी हसून "इंशाल्ला, पुढच्या वेळी" म्हणाला. एका मिठाईवाल्याने केशराचा गरम हलवा पानाएवढ्या कागदावर दिला. तो दातांना असा चिकटला की पाच मिनिटं मला बोलता आलं नाही, आणि जुबेदा म्हणाली की शाळेपासून ती याच क्षणाची वाट बघत होती.

जेवायला हामूर नावाचा तिथला मोठा मासा होता, आपल्या कालवणात, आणि तांदळाच्या भाकऱ्या. जेवताना इक्बालभाईंनी विचारलं, "तुम्ही सांगणार काय हाय तिथं? आमाला समजंल असं सांगा."

मी सांगितलं ते असं. अणू सारखे धावत असतात. समोरून लेसरचे धक्के देत राहिलं की ते जवळजवळ उभे राहतात, त्यालाच थंड करणं म्हणतात. मग दुसऱ्या लेसरने अणूतल्या एका इलेक्ट्रॉनला इतकं वर उचलायचं की तो जेमतेम धरलेला राहतो. असा अणू नेहमीपेक्षा हजारो पट मोठा होतो, आणि लांबच्या तशाच दुसऱ्या अणूची त्याला जाणीव होते. एक अणू पायरीभर वर चढतो, त्याच वेळी दुसरा पायरीभर उतरतो. दोघांत ऊर्जेची देवाणघेवाण होते.

"आणि ही देवाणघेवाण दोन वाटांनी होऊ शकते," मी म्हटलं.

"मग कुठल्या वाटेने झाली ते कसं कळतं?" इक्बालभाईंनी विचारलं.

"कळत नाही. कळायची सोयच नसते. म्हणून दोन्ही वाटा धरून बेरीज करावी लागते, आणि प्रत्येक वाटेला अधिक किंवा उणे असं चिन्ह असतं. दोन्ही वाटा अधिक असतील तर देवाणघेवाण जोरात. एक अधिक, एक उणे आणि दोन्ही सारख्याच असतील, तर शून्य. बाहेरून वीजदाब बदलत गेलं की एका ठरावीक जागी दोन्ही वाटा बरोब्बर सारख्या होतात. माझं गणित सांगतं की तिथे ते अणू एकमेकांना ओळखच देणार नाहीत. दोन्ही वाटा उघड्या, आणि जाता येत नाही."

"आमच्या व्हिसासारखं," जुबेदा म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

सखीर, शनिवार

परिषदेची बस मनामातल्या एका हॉटेलपासून सुटायची. इक्बालभाईंनी कामावर जाताना मला तिथे सोडलं. सखीरला विद्यापीठाचं आवार आहे, शहराच्या दक्षिणेला, वाळवंटात. दहा-पंधरा मिनिटांत घरं संपतात आणि रस्त्याच्या कडेने तेलाचे पाइप सुरू होतात. जमीन फिकट, सपाट, मधूनच एखादं काटेरी झुडूप. मला वाळवंट म्हणजे वाळूच्या टेकड्या वाटत होत्या. हे तर उन्हाळ्यातल्या आमच्या कातळ-सड्यासारखं दिसत होतं, फक्त त्याला दरीचा शेवट नव्हता.

व्हरांड्यात पोस्टर टाचलं आणि नोंदणीच्या टेबलावर कार्यक्रमपत्रिका मिळाली. सकाळचं दुसरंच व्याख्यान गोरेगावकर सरांचं होतं. सर येणार आहेत हे मला माहीत नव्हतं. शीर्षक वाचलं: "थंड, अतिउत्तेजित अणूंच्या परस्परक्रियेतील पुंज-व्यतिकरण." हे शीर्षक माझं होतं. तीन वर्षांपूर्वी मी त्यांना एक कच्चा मसुदा हाताने लिहून दिला होता, त्याच्या पहिल्या पानावर हेच शब्द होते. तेव्हा ते म्हणाले होते, "अजून कच्चं आहे. ठेव माझ्याकडे." शीर्षकाखाली एकच नाव होतं.

तरीही मी स्वतःची समजूत घातली. म्हटलं, बोलताना नाव घेतील.

सर उत्तम बोलतात, हे मला रागातही कबूल करावं लागेल. प्रोजेक्टरवर एकेक पारदर्शिका ठेवत त्यांनी दोन वाटांची कल्पना मांडली, माझ्याच शब्दांत. मग आलेख ठेवला. ठरावीक वीजदाबाच्या जागी आलेखाला उंच शिखर होतं. सर म्हणाले, "इथे देवाणघेवाण सर्वांत जोरात होईल."

माझ्या आलेखात त्या जागी शून्य आहे. शिखर कुठून आलं हे ओळखायला मला एक क्षणही लागला नाही. मसुद्याच्या चौदाव्या पानावर, दुसऱ्या वाटेच्या गणितात, मी एक उणे चिन्ह खाली आणायला विसरले होते. उणेचं अधिक झालं आणि जिथे वजाबाकी व्हायची तिथे बेरीज झाली. चार महिन्यांनी मला ते सापडलं, मी सगळं नव्याने केलं, आणि दुरुस्त गणित प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात आहे. म्हणजे सरांनी प्रबंध उघडलाही नव्हता. सहा महिने "वाचतोय, वाचतोय" म्हणत त्यांनी पहिला कच्चा कागद उचलला होता, आणि तोही तपासण्याचे कष्ट घेतले नव्हते. चोरी झाली याचा राग येतोच. पण चोराने माल नीट पारखलाही नाही, याचा त्याहून जास्त येतो. नऊ वर्षांच्या सुट्ट्या मी या माणसाच्या दारात घालवल्या होत्या.

मी हात वर केला. उभी राहून विचारलं, "सर, दुसऱ्या वाटेचं चिन्ह तुम्ही कसं काढलंत?"

त्यांनी मला तेव्हाच पाहिलं. आणि सगळ्यांकडे बघून इंग्रजीत म्हणाले, "ही माझी विद्यार्थिनी. तिला मी हे पुण्यात समजावून सांगेन." लोक हसले, चांगल्या मनाने हसले. वेळ संपली होती. मी खाली बसले.

व्याख्यानानंतर एक उंच, बारीक केसांची बाई सरांपाशी गेली. तिचं नाव अनेटे. युरोपातल्या एका प्रयोगशाळेत ती रुबिडियमचे थंड अणू घेऊन हाच प्रयोग उभा करत होती. सरांच्या आलेखावर बोट ठेवून ती विचारत होती, "म्हणजे मी या जागी शोधू?" सर म्हणाले, "नक्की. तिथेच शोधा." तिने वहीत आकडा लिहून घेतला.

जेवणाला मोठ्या परातीत भात, त्यावर अख्खी कोंबडी, सुकी लिंबं आणि बेदाणे असा माचबूस होता. आपल्या बिर्याणीपेक्षा सौम्य, वास मात्र जास्त. मी भात नुसता चिवडत होते. सर ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसले.

"सुनंदा, तू येणार हे सांगायचंस."

"तुम्हीही सांगितलं नाहीत, सर."

त्यांनी लिंबू बाजूला काढून ठेवलं. "हे बघ. तुझं पोस्टर मी बाहेर पाहिलं. त्यात तू शून्य दाखवलंयस. एकाच गटातली दोन माणसं उलटसुलट बोलताहेत हे बरं दिसत नाही. ते काढून ठेव."

"पोस्टर बरोबर आहे. चुकलाय तो तुमचा आलेख."

"असेलही. पुण्याला गेल्यावर बघू. एप्रिलमध्ये मी तुझ्या प्रबंधावर सही करणार आहे. उगाच आता गडबड करू नकोस. लेखाच्या शेवटी तुझे आभार मानेनच."

ते शांतपणे जेवत राहिले. याच माणसाने मला पहिल्यांदा पुंजयांत्रिकी शिकवली होती, पावसाळ्यात एस.टी. चुकली तेव्हा घरी ठेवून घेतलं होतं. हेही खरं आहे, आणि त्याने राग कमी होत नाही, वाढतो.

मी बाहेर व्हरांड्यात पोस्टरपाशी गेले. आता जे सांगते ते सांगायला मला आवडत नाही. मी पोस्टर काढायला लागले होते. पहिल्या कागदाच्या दोन टाचण्या मी काढल्याही. नऊ वर्षं आणि एक सही, एवढंच डोक्यात होतं. कागदाचा कोपरा लोंबत होता तेवढ्यात मागून अनेटेचा आवाज आला.

"थांबा, मी अजून वाचलं नाही." तिने लोंबता कोपरा स्वतःच्या हाताने वर धरला आणि वाचू लागली. चौथ्या कागदाशी, गुलाबी डाग पडलेल्या, ती थांबली. "तुम्ही इथे शून्य म्हणता. सकाळी प्राध्यापकांनी शिखर सांगितलं. माझ्याकडे लेसर एप्रिलपर्यंतच आहे, मग तो दुसऱ्या गटाला जातो. मी शिखर शोधलं आणि काहीच दिसलं नाही, तर मला वाटेल माझंच उपकरण बिघडलंय. दोन महिने मी तेच दुरुस्त करत बसेन. तुमच्यापैकी बरोबर कोण आहे?"

"मी," मी म्हटलं.

"मग ते आत का नाही सांगितलं?"

मी टाचण्या परत लावल्या.

सनाबिस, त्याच संध्याकाळी

जुबेदाने माझा चेहरा बघून आधी चहा दिला, मग विचारलं. मी सगळं सांगितलं. ती सरांबद्दल जे बोलली ते इथे लिहिता येणार नाही. चिपळूणच्या मच्छीबाजारातल्या शिव्या ती बारा वर्षांत एकही विसरलेली नाही.

इक्बालभाई खुब्बूस, म्हणजे तिथली भट्टीतली रोटी, तोडत ऐकत होते. मग म्हणाले, "लोकांना कसं पटवणार तुमचं हाय ते? कागद त्यांच्याकडं, नाव त्यांचं, वय त्यांचं."

"तेच तर."

"आमच्यात जोड मारला की त्या जोडाशेजारी वेल्डरला आपला नंबर ठोकावा लागतो. चांगला झाला म्हणून नाय. उद्या फुटला तर कोणाचा ते कळायला. आणि नंबर पुसला ना, तरी मी सांगतो कोणाचा हात हाय. चांगले जोड सगळ्यांचे सारखे दिसतात. चूक ज्याची त्याची वेगळी."

जुबेदा म्हणाली, "ती काय वेल्डर हाय?"

मी मात्र जेवायची थांबले. दिवसभर मी एकच विचार करत होते: बरोबर गणित माझं आहे हे सिद्ध कसं करायचं. बरोबर गणित कोणीही करू शकतं. सर उद्या म्हणतील, मीही दुरुस्त केलं होतं. चुकीचं गणित तसं नाही. ते चिन्ह कुठे हरवलं, का हरवलं, पान उलटताना कसं मागे राहिलं, हे जगात एकच माणूस सांगू शकत होता. त्यासाठी साठ-सत्तर परक्या लोकांसमोर उभं राहून "ही चूक माझी" असं म्हणावं लागणार होतं. आणि मग एप्रिलमधली सही मिळणार नव्हती.

"सही गेली तर?" मी जुबेदाला विचारलं.

"तू शिकवतेस ती पोरं तुला त्या सहीवाचून बाई म्हणत नायत?"

"मला पीएच.डी. हवी आहे, जुबेदा. नऊ वर्षं गेली आहेत त्यात."

"मग हवी असूदे," ती म्हणाली. "मी कुठं नको म्हणते. पण आज त्या कागदाच्या टाचण्या काढल्यास ते सांगताना तुझं तोंड बघितलंस काय तू?"

सखीर, रविवार

शेवटचं सत्र खुल्या चर्चेचं होतं. अध्यक्षस्थानी डॉ. मरियम होत्या, तिथल्याच प्राध्यापिका, पन्नाशीच्या, अंगात अबाया म्हणजे काळा पायघोळ झगा आणि नाकावर उतरलेला चष्मा. सकाळी चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं आणि दहा मिनिटं मागितली. त्यांनी विचारलं, "विषय?" मी म्हटलं, "कालच्या एका आलेखातली चूक." त्यांनी चष्मा वर सरकवला. मग म्हणाल्या, "दहा म्हणजे दहा. आणि फक्त भौतिकशास्त्र बोला. बाकीचं लोकांना आपोआप समजतं." तो सल्ला किती मोलाचा होता हे मला फळ्यापाशी गेल्यावर कळलं, कारण माझ्या तोंडात दुसरंच भरपूर काही होतं.

दुपारी त्यांनी माझं नाव पुकारलं. सर पहिल्या रांगेत बसले होते. मी खडू घेतला, दोन वाटा काढल्या, पहिल्या वाटेचं गणित तीन ओळींत केलं. मग दुसऱ्या वाटेला आले, उणे चिन्ह लिहिलं आणि म्हणाले, "कालच्या आलेखात हे चिन्ह नाही. ही चूक माझी आहे."

मी त्या चिन्हाभोवती खडूने गोल काढला.

"तीन वर्षांपूर्वी मी या गणिताचा पहिला मसुदा लिहिला. चौदाव्या पानाच्या शेवटच्या ओळीत हे चिन्ह कंसाबाहेर होतं. पंधराव्या पानावर जाताना मी कंस उतरवला आणि चिन्ह विसरले. त्यामुळे तिथून पुढे प्रत्येक ओळीत अधिक आहे, आणि शेवटी शिखर येतं. काल दाखवलेल्या पारदर्शिकेत चौथ्या आणि पाचव्या ओळीच्या मध्ये नेमकं हेच झालेलं दिसेल. तिथे कंस आहे, आणि चिन्ह नाही."

सर उठले नाहीत. बसल्या जागेवरून, आवाज न चढवता, मराठीत म्हणाले, "सुनंदा, खाली बस."

त्या सभागृहात ते शब्द फक्त मला समजले. नऊ वर्षं हेच शब्द ऐकून मी बसले होते. हातातला खडू मोडला. मीही मराठीतच म्हटलं, "बसते, सर. संपल्यावर." आणि उरलेला तुकडा घेऊन पुढच्या ओळी लिहिल्या. दोन्ही वाटा सारख्या झाल्या, एक अधिक, एक उणे. शेवटी शून्य लिहिलं. आठ मिनिटं झाली होती.

पहिला प्रश्न अनेटेचा. "म्हणजे त्या जागी मला काहीच दिसणार नाही?"

"काहीच नाही. आजूबाजूला दिसेल, बरोब्बर तिथे नाही. शिखर दिसलं तर मी चुकले, आणि तेही मी मान्य करेन."

डॉ. मरियमनी सरांची कालची पारदर्शिका मागितली. सर म्हणाले, ती बॅगेत आहे, बॅग हॉटेलवर आहे. मग त्या म्हणाल्या, "आपल्याला उत्तर द्यायचं आहे का?" सर इंग्रजीत म्हणाले, "माझी विद्यार्थिनी थोडी भावनाविवश झाली आहे. आम्ही पुण्यात तपासून घेऊ." डॉ. मरियमनी फळ्याकडे पाहिलं. "फळ्यावर मला भावना दिसत नाहीत, प्राध्यापक. एक चिन्ह दिसतंय." आणि त्यांनी चहाची सुट्टी जाहीर केली.

टाळ्या वाजल्या नाहीत. लोक उठले, हळू आवाजात बोलत बाहेर गेले. दोघे-तिघे थांबून फळ्यावरचं वहीत उतरवून घेत होते. आपल्या भारतीयांपैकी एक गृहस्थ मात्र मुद्दाम माझ्यापाशी आले. मला वाटलं, अभिनंदन करतील. म्हणाले, "मॅडम, बरोबर असाल तुम्ही. पण गुरूंना बाहेरच्यांसमोर असं करायचं नसतं." मी त्यांना विचारलं, घरच्यांसमोर करायची सोय कुठे आहे ते सांगा, मी तिथे जाते. ते निघून गेले.

परतीच्या बसमध्ये सर माझ्या मागच्या सीटवर होते. हॉटेलला उतरताना माझ्यापाशी थांबले. "मी तुझं नाव आभारात घालणार होतो."

"माझं नाव पहिल्या पानावर होतं, सर. तुम्ही ते पान काढलंत."

ते पायऱ्या उतरून गेले. त्यांचा चेहरा मला दिसला नाही. दिसावा असं फार वाटत होतं. त्यांना शरम वाटली का, एवढंच मला बघायचं होतं.

चिपळूण

एप्रिल आला आणि गेला. सही झाली नाही. पुण्यातल्या एका सहाध्यायी मैत्रिणीकडून कळलं की सरांनी परिषदेच्या ग्रंथातून आपला लेख मागे घेतला, आणि सगळ्यांना सांगितलं की मजकूर टाइप करणाऱ्या बाईकडून चिन्ह गळलं. ही टाइप करणारी बाई कोण हे त्यांनी सांगितलं नाही.

जूनमध्ये कॉलेजच्या ऑफिसात अनेटेचा फॅक्स आला. एकच पान, त्यावर तिच्या मोजमापाचा आलेख. दोन्ही बाजूंना टेकाडं, मधे खोल खड्डा, जवळजवळ तळापर्यंत. खाली हाताने लिहिलं होतं: "काहीच दिसलं नाही. आभारी आहे. लेखात तुमचं नाव कसं लिहायचं ते कळवा." मी ते पान दिवसभर पर्समध्ये घेऊन फिरले. घरी आल्यावर रडले. आनंदापेक्षा त्यात संतापच जास्त होता, कारण हे दाखवायला ज्यांच्याकडे धावत जावं अशी मला नऊ वर्षं सवय होती, ते आता माझे उरले नव्हते.

चार दिवसांनी त्यांचाच फोन आला, कॉलेजच्या नंबरवर. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"सुनंदा, अभिनंदन. तो प्रयोग छान जमलाय. आता याचा सविस्तर सिद्धान्त आपण दोघांनी मिळून लिहू. प्रबंध माझ्यासमोरच आहे. तू ये, सही आजच करून टाकतो."

मी विचारलं, "सर, चौथं प्रकरण वाचलंत?"

ते म्हणाले, "वाचतोय."

मी फोन ठेवला.

त्या आठवड्यात मी विद्यापीठात मार्गदर्शक बदलण्याचा अर्ज घेऊन गेले. नवा मार्गदर्शक मिळाला तर आणखी दोन वर्षं, नाही मिळाला तर काहीच नाही. खिडकीमागचे कारकून भले गृहस्थ होते. अर्ज वाचून म्हणाले, "मॅडम, कारणाचा रकाना एका ओळीचा आहे. तुम्ही अख्खा भरून वर समासातही लिहिलंय. अशा केसेस खूप येतात. 'वैयक्तिक कारण' लिहा, लवकर मंजूर होतं."

"वैयक्तिक नाहीये ते," मी म्हटलं.

"सगळे तसंच लिहितात."

मी त्यांच्याकडून एक कोरा कागद मागून घेतला, बाकावर बसून काय झालं ते पहिल्यापासून लिहिलं, खाली सही केली आणि अर्जाला जोडला. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि शिक्का मारून आत घेतला.